पेडणेकरांचा चुकलेला खेळ

फिल्मचा डबा उघडला की पेडणेकर आधी वास घ्यायचे. डोळे मिटून, नाक डब्याच्या काठाशी नेऊन, तान्ह्या मुलाची टाळू हुंगावी तसे. मग डबा शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाशी धरायचे. तो संस्थेचा अध्यक्ष असो की चहा घेऊन आलेला माणूस, त्याला वास घ्यावाच लागे. "काय येता?" ते विचारायचे. फिल्म आतून कुजू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. तो एकदा यायला लागला की थांबत नाही, हेही.

ते जाऊन आता चार महिने झाले. अजूनही जुनं कपाट उघडलं की मी आधी वास घेते, आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघते.

मुलुंड पूर्वेच्या एका वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. पहिल्या मजल्यावर आमचं छोटं सभागृह आहे. ऐंशी खुर्च्या, त्यातल्या सहा मोडक्या. तिथे महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, एक फिल्म सोसायटी परदेशी चित्रपट दाखवायची. सोसायटी म्हणजे बँकेतले, शाळेतले, म्युनिसिपालिटीतले पंचवीस-तीस लोक. पेडणेकर त्यांचे ऑपरेटर. आयुष्यभर ते घाटकोपरच्या एका थिएटरात मोठ्या मशीनवर होते. वडील गिरणीत, आजोबा मालवणजवळ शेतात, आणि हे तीस वर्षं एका गरम खोलीत भिंतीच्या भोकातून पडदा बघत. ते थिएटर पडलं, तिथे दुकानांची इमारत झाली, आणि पेडणेकर आमच्या सोसायटीच्या छोट्या मशीनवर आले. पगार नव्हता. चहा आणि रिक्षा, एवढंच.

अंगाने किरकोळ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि त्याच्या खिशात पेनाऐवजी लहान मुलाचा टूथब्रश. मशीनच्या ज्या खाचेतून फिल्म सरकते ती खाच ते त्या ब्रशने घासायचे, खेळाआधी एकदा आणि रीळ बदलताना एकदा. मशीनला हात लावण्याआधी चपला काढायचे. खेळ चालू असताना कधी बसायचे नाहीत. "चित्रपट" हा शब्द त्यांच्या तोंडी मी ऐकला नाही. त्यांच्या लेखी तो खेळच.

त्यांची नजर मात्र एका जागी स्थिर नसे. मोठ्या थिएटरात रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो आणि तो बघून दुसरं मशीन सुरू करायचं असतं. तीस वर्षं त्या ठिपक्याची वाट बघून पेडणेकरांच्या डोळ्यांना खोडच जडली होती. समोर कुणी बोलत असलं तरी ते मधूनच त्याच्या डोक्याच्या वर, उजवीकडे बघायचे. नवीन माणूस वळून बघे, मागे पाल वगैरे आहे की काय. माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही ते वर कोपऱ्यात बघत होते. नंतर मी चिडवलं तर म्हणाले, "सवय गो बाय. वाटला, आता रीळ बदलतला."

सभागृहाला सात खिडक्या. त्यांवर काळे कागद लावून काळोख करण्याचं काम आम्ही दोघं करायचो. मी खुर्चीवर, ते टेबलावर. एखाद्या झडपेतून उन्हाची काडी आत आली तरी त्यांना चालत नसे. "काळोख फुकट मिळता ना मॅडम, म्हणून लोकांक तेची किंमत नाय," असं म्हणत ते चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडायचे. मला ते कधी मॅडम म्हणत, कधी बाय. मॅडम म्हणाले की काम आहे असं समजायचं.

सोसायटीच्या मालकीची म्हणून एकच फिल्म होती. बाकीच्या फिल्म दूतावासांकडून, पुण्याच्या संग्रहालयाकडून वगैरे उसन्या यायच्या. ही कुठल्याशा परदेशी कचेरीने मोडीत काढताना कुणीतरी उचलून आणली होती. पोलंडमधला एक अगदी जुना मूकपट, तिथल्याच एका ऑपेरावरून काढलेला. डब्यात टाइप केलेला कागद होता. त्यावर गोष्ट, आणि खाली एक ओळ : यातल्या कलावंतांनी कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष गायन केले आहे.

गोष्ट साधी होती. मिठाच्या खाणीजवळचं गाव. लग्नाचा दिवस. नवरा मुलगा सकाळच्या पाळीला म्हणून खाणीत उतरतो आणि वर येत नाही. मांडव, वाजंत्री, जेवणाची टेबलं, सगळं तसंच राहतं. नवरी मुंडावळ्यांसारखं काहीतरी फुलांचं डोक्यावर घालून खाणीच्या तोंडाशी येते, आणि तिथे उभी राहून गाते. कॅमेरा हलत नाही. बाई गाते, गाते, आणि शेवटी मटकन खाली बसते. आवाज अर्थातच नाही.

ऑपेरा म्हणजे काय, हे पेडणेकरांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, आपल्या संगीत नाटकासारखं, फक्त त्यात बोलणंसुद्धा गाऊनच.

"सगळाच? 'भाकरी वाढ' म्हणायचं तरी गाऊन?"

"हो."

"मग जेवतले कदी?"

थोडा वेळ ते टूथब्रश तळहातावर आपटत राहिले. मग म्हणाले, "आणि त्यातलं गाणं काढून घेतलं, तर मागे राहिलं काय? कशाला काढला असेल हा खेळ?"

मी ज्ञानकोश काढला, आणखी दोन पुस्तकं काढली. तिथल्या ऑपेराबद्दल दीड पान मिळालं, या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. त्या काळी असे चित्रपट दाखवताना पडद्यापुढे बसून कुणी वाजवत, कुणी गात, इतकं कळलं. ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नसावं.

उसनी फिल्म वेळेवर आली नाही की त्या रविवारी हीच दाखवली जायची. वर्षातून एकदा तरी. सभासद तिला "मिठाची फिल्म" म्हणायचे, आणि कपाळाला हात लावायचे. "आज परत मीठ का हो पेडणेकर?" पेडणेकर तो कागद मराठीतून मोठ्याने वाचायचे. ती शेवटची ओळ ते दोनदा वाचायचे : कलावंतांनी प्रत्यक्ष गायन केले आहे.

आणि दर वेळी लोक हसायचे.

मीही हसले आहे, हे कबूल केलं पाहिजे. जुन्या मूकपटातली माणसं असतात तशीच ही माणसं होती. तुरुतुरु चालणारी, झटके देत वळणारी. लग्नाच्या मांडवात आजोबा किड्यांसारखे धावत. इथवर ठीक होतं. पण खाणीच्या तोंडाशी ती बाई आली आणि तिचं तोंड भराभर उघडमिट करू लागलं, छाती धडधड वर-खाली होऊ लागली, की मागच्या रांगेतून खसखस सुरू व्हायची. ती खाली बसायची तेव्हा बादली आपटावी तशी बसायची. त्याला तर हमखास हशा.

पेडणेकरांना हे सोसत नसे. ते त्या बाईला "आमची बाय" म्हणत. एका रविवारी हशा वाढला तेव्हा त्यांनी सरळ मशीन बंद केलं आणि दिवे लावले. चपला काढलेल्या पायांनी दोन रांगांच्या मधून पुढे आले.

"हसतत कित्याक?" त्यांनी विचारलं. "तिचा माणूस गेला हा. लग्नाच्या दिवशी. तुमच्या वाडीत असा झाला तर तुमी असेच दात काढशात?"

कुणीतरी म्हणालं, "सॉरी, पेडणेकर. पण ती फारच घाईत रडते हो." आणि पुन्हा सगळे हसले. पेडणेकरांनी दिवे बंद केले, मशीन लावलं आणि उरलेला खेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

असं वीस वर्षं चाललं. हळूहळू सोसायटी पातळ होत गेली. लोक बोरिवलीला, ठाण्याला, मुलांकडे परदेशात गेले. उरलेल्यांच्या फोनवर हवे ते चित्रपट यायला लागले. मशीन कपाटात गेलं. पण पेडणेकर महिन्यातून एकदा घाटकोपरहून यायचे, मिठाच्या फिल्मचा डबा उघडायचे, वास घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी डबा माझ्या नाकाशी धरला आणि काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

"आक्रसायला लागली," ते म्हणाले. "भोकं मशीनच्या दातांत बसत नाहीत नीट. अजून एक-दोनदा चालेल. मग नाय." आणि मग, "मॅडम, एक काम होतं. पेटीवालं कोणी आहे का ओळखीचं? चांगलं. पूर्वी खेळाबरोबर वाजवायचे म्हणालात ना? एकदा वाजवून दाखवू. गाणं ऐकू आलं तर नाही हसणार कोण."

मी कुंदाताईंना बोलावलं. त्या जोगेश्वरीला राहतात. शाळेत संगीत शिकवायच्या आणि तरुणपणी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायच्या. वय सत्तरच्या पुढे, जीभ मात्र तिशीतली. पेटी घेऊन रिक्षातून उतरल्या आणि जिना बघून म्हणाल्या, "माणसं चढवायची की पेटी, ते आधी ठरवा."

तालमीसाठी पेडणेकरांनी फक्त शेवटचं रीळ लावलं. बाई आली, गायली, आपटली. कुंदाताई चष्मा वर करून बघत होत्या. पेटीला हात लावला नाही.

"परत."

पेडणेकर कचरले, पण त्यांनी फिल्म मागे घेऊन पुन्हा दाखवली.

"अजून एकदा."

"कुंदाताई, फिल्म नाजूक आहे—"

"मीही नाजूक आहे. दाखवा." तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी विचारलं, "ही बाई श्वास कुठे घेते हो?"

"घेते ना. छाती बघा, कशी—"

"तो श्वास नव्हे, ती उचकी. पोटभर श्वास घेतला की गाणारा वर येतो आणि मग त्या श्वासावर सावकाश उतरतो. तिचे खांदे बघा, मान बघा. गळा तयार आहे बाईचा, उत्तम तयार आहे. अशी बाई एवढ्या जलद गाणारच नाही. गायली तर दुसऱ्या ओळीला फेफरं येऊन पडेल. पेडणेकर, तुमचं मशीन पळतंय."

पेडणेकरांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "माझा मशीन पळणा नाय," ते म्हणाले. "पन्नास वर्षं झाली मला. सेकंदाला चोवीस चित्रं. कमी नाय, जास्त नाय."

"ते तुमच्या बोलपटाचं असेल. हिच्या वेळी कॅमेरा कुणी फिरवत होतं की वीज होती?"

"हातान फिरवत..." पेडणेकर बोलता बोलता थांबले.

ते मशीनजवळ गेले. पाठीमागच्या बाजूला, मोटारीपाशी, काळ्या चिकटपट्टीचा एक जुना गोळा होता. तो मीही वर्षानुवर्षं पाहिला होता. मशीनचाच एखादा भाग असावा असं मला वाटे. पेडणेकर नखाने तो सोलू लागले. आत एक छोटी कळ होती. दोन खाचांत बसणारी.

नंतर त्यांनी सांगितलं ते असं. मोठ्या मशीनला एकच वेग. या छोट्याला दोन : बोलपटाला चोवीस, मूकपटाला सोळा. ते नव्याने आमच्याकडे आले तेव्हा एका बोलपटाच्या मध्यात कुणाचा तरी हात या कळीला लागला, नायकाचा आवाज रेड्यासारखा झाला, आणि सभागृहात हसून हसून गोंधळ. असं पुन्हा होऊ नये म्हणून पेडणेकरांनी कळीवर पट्टी गुंडाळली. पक्की, सात-आठ वेढे. ही पोलंडची फिल्म आली त्यानंतर. पट्टी विसरली गेली. मूकपटातली माणसं घाईतच असतात, असं जगासारखंच त्यांनाही वाटत राहिलं.

त्यांनी कळ दुसऱ्या खाचेत ढकलली आणि मशीन लावलं. मोटारीचा आवाज खाली आला. पडद्यावर नवरी खाणीच्या दिशेने चालत आली. चालत, या वेळी ती चालत होती. तोंडाशी येऊन उभी राहिली आणि तिने मान वर केली. पेडणेकरांनी फट्कन मशीन बंद केलं.

"अहो, राहू द्या ना!" कुंदाताई ओरडल्या.

"नको." ते स्टुलावर बसले. मशीनजवळ त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "वीस वर्षां," ते म्हणाले. "वीस वर्षां मी तिका धावडवलंय. आणि लोकांक बोल लावलंय."

कुंदाताईंनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मग त्या म्हणाल्या, "चूक झाली. आता नीट दाखवा, झालं. मी वाजवीन."

"कोणाक दाखवू? जे हसले तेंका दाखवूक होया. आधी त्यांनी बघायचं. मग मी."

सोसायटीची हजेरीवही आमच्याच कपाटात होती. प्रत्येक खेळाला आलेला माणूस नाव आणि पत्ता लिहायचा. मिठाच्या फिल्मच्या सगळ्या रविवारांची नावं मी एका कागदावर उतरवून दिली. एकशे चार झाली. मी म्हटलं, "व्हॉट्सॲपवर ग्रुप करू या, एका मिनिटात सगळ्यांना निरोप जाईल." पेडणेकरांनी माझ्या डोक्याच्या वर, उजवीकडे बघितलं आणि म्हणाले, "चूक तोंडावर केली आणि माफी मोबाईलवर?"

पाच महिने ते फिरत होते. शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारे. लिंक रोडच्या बसने बोरिवली, मेट्रोने अंधेरी, एकदा तर मढला, तिथल्या एका बंगल्याची देखभाल करणारा जुना सभासद होता म्हणून. दोन-तीनदा सुट्टीच्या दिवशी मी बरोबर गेले. दार उघडलं की ते आधी वहीतली तारीख सांगायचे, मग म्हणायचे, "तेव्हा तुम्ही बघितलात तो खेळ चुकीचा होता. माझ्याकडून झाला. परत येवा."

लोकांना कळायचंच नाही. अंधेरीच्या एका साहेबांना फिल्मच आठवेना. त्यांनी पेडणेकरांना सोसायटीच्या वर्गणीसाठी आलेला माणूस समजून दारातूनच "नंतर या" म्हटलं. पेडणेकर दोन आठवड्यांनी खरंच नंतर गेले. घाटकोपरच्या शहाकाकांनी सरबत दिलं आणि म्हणाले, "अरे पेडणेकर, छोडो ना यार! वीस साल हो गया, वो बाई भी भूल गयी होगी." पेडणेकर सरबत पिऊन म्हणाले, "ती भूलली तरी मी नाय भूललो." शहाकाका कबूल झाले. मुलुंडच्याच एका घरात दार उघडणाऱ्या बाईंनी सांगितलं, हे गेल्या वर्षी वारले. पेडणेकर जोड्यांपाशी उभे राहिले. "ते हसायचे का हो त्या फिल्मला?" बाईंनी विचारलं. पेडणेकरांनी खरं सांगितलं, "हसायचे." त्या म्हणाल्या, "घरी येऊन नक्कल करायचे तिची. मी येईन त्यांच्या जागी."

बोरिवलीचे एक कर्णिक म्हणून होते. निवृत्त ड्राफ्ट्समन, एकटे. त्यांच्या दाराला चार वेळा कुलूप. चौथ्या वेळी पेडणेकरांनी दारात चिठ्ठी सरकवली.

मधल्या काळात मी पोलंडला एका संग्रहालयाला ईमेल पाठवली. तिथे या फिल्मची चांगली प्रत आहे का, म्हणून. उत्तर आलं नाही. पेडणेकरांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "असेल त्यांच्याकडे. पण मी तिका धावडवलंय ती या प्रतीत."

खेळाच्या रविवारी सकाळी दहापर्यंत सदतीस माणसं आली. त्यांतले बरेच एकमेकांना ओळखेनात. केस गेलेले, पोटं आलेली. आम्ही खिडक्यांना काळे कागद लावले होते. कुंदाताई पडद्याच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसल्या. मी त्यांना विचारलं, "चाल कोणती बसवलीत?"

"चाल तिची आहे, मला कुठून येणार? खोटी चाल तिच्या तोंडात घालू का?" त्यांनी भाता उघडला. "मी नुसता षड्ज धरणार. ती श्वास घेईल तिथे सोडणार. श्वास तेवढे मोजलेत मी, एकोणीस आहेत."

पेडणेकरांनी कागद वाचला. त्यानंतर दोन वाक्यं जास्त बोलले : "याआधी मी हा खेळ चुकीचा दाखवला. तुमच्या हसण्यात तुमची चूक नव्हती." आणि दिवे घालवले.

लग्नाचा मांडव आला. आजोबा सावकाश चालत होते, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखे. नवऱ्या मुलाने खाणीत उतरताना एकदा मागे बघितलं. आजवर तो झटका वाटायचा. सभागृहात कुणी हललं नाही. मग शेवटचं रीळ लागलं आणि मशीनमधून टिकटिक ऐकू येऊ लागली. चित्र थरथरलं. मी मागे वळून पाहिलं. फिल्मची भोकं दातांवरून सुटत होती, आणि पेडणेकर दोन्ही हातांची बोटं फिल्मच्या दोन्ही कडांना लावून ती इंचाइंचाने खाचेत बसवत होते. डोळे बोटांवर. दिव्याची उष्णता त्यांच्या हनुवटीवर येत होती. चित्र स्थिर झालं.

बाई खाणीच्या तोंडाशी आली. तिने मान वर केली आणि श्वास घेतला, खरोखरीचा, खांद्यांपासून पोटापर्यंत गेलेला. तिचं तोंड उघडलं आणि त्याच क्षणी कुंदाताईंचा सूर लागला. नुसता एक सूर. ती थांबली की थांबणारा, ती निघाली की निघणारा. मी मोबाईलवर हे सगळं टिपून घ्यायचं ठरवलं होतं. मोबाईल हातातच राहिला. त्या बाईचा गळा कसा भरून येत होता, शब्द संपल्यावरही तोंड कसं क्षणभर उघडं राहत होतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. शेवटी ती खाली बसली. गुडघे एकामागून एक टेकत, जमिनीला हात लावून, जशी म्हातारी माणसं बसतात तशी.

मशीनमध्ये करकर झाली आणि पडदा पांढरा झाला. फिल्म शेवटच्या दोन हात लांबीत उभी फाटली होती. कुणी हसलं नव्हतं. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मुलुंडच्या त्या बाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शहाकाका जाताना पेडणेकरांजवळ आले आणि नुसता हात त्यांच्या खांद्यावर ठेवून गेले.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "पाहिलंत ना शेवटी?"

पेडणेकरांनी बोटं दाखवली. टोकांना कापल्याच्या बारीक रेघा होत्या. "मी बगूक नाय गो बाय," ते म्हणाले. "वर बघितला असता तर फिल्म गेली असती." मग पेटीकडे बघून, "आयकलंय मात्र. एकोणीस."

मी खिडक्यांचे कागद काढायला लागले. दोन खिडक्या झाल्या असतील, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे राहिले, घामाघूम, हातात चिठ्ठी.

"मी कर्णिक. बोरिवलीहून. बस लिंक रोडला बंद पडली." त्यांनी पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं. "संपलं?"

"संपला," पेडणेकर म्हणाले.

"परत कधी आहे?"

"परत नाय. फिल्म गेली. भोकं फाटली सगळी."

कर्णिकांनी चिठ्ठीची घडी केली. "हरकत नाही," ते म्हणाले. "मी हसलो होतो, आठवतंय मला. माझी बायको तेव्हा नुकतीच... असो. हसायचं कारण नव्हतं मला. म्हणून आलो." आणि ते वळले.

"थांबा, वायच बसा," पेडणेकर म्हणाले.

त्यांनी कर्णिकांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. स्वतः पडद्यापुढे जाऊन उभे राहिले. कुंदाताईंनी बांधायला घेतलेली पेटी पुन्हा उघडली, कुणी न सांगता.

पेडणेकरांनी मान वर केली. त्यांची नजर कोपऱ्यात गेली नाही. सरळ समोर, खाणीत खोल बघावं तशी होती. त्यांनी पोटभर श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि सूर लागला. वीस वर्षं पाठ झालेलं ते तोंड ते तसंच हलवत होते, पण आता तिच्या लयीत, सूर सुटला की थांबून, पुन्हा श्वास घेऊन. किरकोळ अंगाचा, पांढऱ्या शर्टातला म्हातारा माणूस, अनवाणी, आवाज न काढता गात होता. दोन उघड्या खिडक्यांतून अकरा-बाराचं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. मी कागद हातात घेऊन तशीच खुर्चीवर उभी होते.

त्यानंतर आमचं फोनवरच बोलणं झालं, आणि मग त्यांच्या मुलाचा फोन आला. म्हणून मला ते आठवतात ते तिथेच. पंधरा श्वास झाले, सोळा झाले. कर्णिक हात मांडीवर ठेवून, ताठ बसून बघत होते. एकोणिसाव्याला पेडणेकर गुडघे टेकायला लागले. आधी एक, मग जमिनीला हात लावून दुसरा.